बेळगाव शहराची एक जागा

बेळगाव शहर नावाचा विधानसभा मतदारसंघ आता नाही. २००८ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि जुनं नाव सरकारी दप्तरात जमा झालं. त्याआधी, १९५७ ते २००४ या काळात, या एका जागेसाठी अकरा निवडणुका झाल्या. त्यांतल्या पहिल्या नऊ, इथला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने जिंकल्या. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, दिल्लीत आणि बंगळुरात सरकारं आली आणि गेली, पण या शहराने मतपेटीतून दिलेलं उत्तर बदललं नाही.

निवडणूक आयोगाचे जुने निकाल आता घरबसल्या पाहता येतात. त्यात बेळगावची ओळ काढली की विजयी उमेदवाराच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी 'अपक्ष' अशी नोंद सापडते. १९६२ च्या म्हैसूर विधानसभेच्या निकालात समिती वेगळी दाखवली आहे, सहा जागांसह. एरवी आमची माणसं राज्यभरातल्या अपक्षांच्या गर्दीत मिसळून गेली आहेत. नुसते तक्ते वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला वाटेल की या शहरात दर खेपेला कुणीतरी वजनदार गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर निवडून येत होता. प्रत्यक्षात उमेदवार कोण, ही बाब इथे दुय्यम होती. समितीच्या बैठकीत नाव ठरायचं, गल्लीतल्या पंचांपर्यंत निरोप यायचा आणि त्या नावामागे सगळी गल्ली उभी राहायची. ज्याला स्वतःच्या नावावर शंभर मतं मिळाली नसती, असा माणूसही समितीचा म्हणून निवडून येऊ शकत होता. हे तक्त्यात कुठेच दिसत नाही. आणि ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांची पिढी आता उताराला लागली आहे. म्हणून हे लिहून ठेवायला घेतलं.

आधी नावं सांगतो. १९५७ ला भुजंग केशव दळवी. १९६२ आणि १९६७ ला बाळकृष्ण रंगराव सुंठणकर. १९७२ आणि १९७८ ला बळवंत भीमराव सायनाक. १९८३ आणि १९८५ ला राजाभाऊ माने. १९८९ ला बापूसाहेब महागावकर. १९९४ ला नारायणराव तरळे. इथे समितीची ओळ थांबते. १९९९ आणि २००४ ला काँग्रेसचे रमेश कुडची निवडून आले. शहराच्या भोवतीच्या उचगावात, दक्षिणेला खानापुरात आणि पार तिकडे निपाणीतही समितीचा जोर होता. उचगावचे प्रभाकर पावशे, बी. आय. पाटील, वसंतराव पाटील, मनोहर किणेकर, खानापूरचे लक्ष्मण बिर्जे, निळकंठराव सरदेसाई, अशोक पाटील, दिगंबर पाटील ही नावं ज्या घरांत रोजच्या बोलण्यात होती, त्या घरांत मी वाढलो. पण शहराची जागा ही समितीची मानाची जागा. ती पडली तर सगळं पडलं, असं मोठी माणसं म्हणायची.

हे सगळं १९५७ ला एकाएकी उगवलं नाही. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि त्याच मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे ज्या गावात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला व्यासपीठ मिळालं, तेच गाव त्या महाराष्ट्राबाहेर राहिलं. तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १७ जानेवारी १९५६ ला शहरात गोळीबार झाला, माणसं गेली, आजही त्या तारखेला हुतात्मा चौकात लोक जमतात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आणि चार महिन्यांच्या आत, १९५७ च्या सुरुवातीला, नव्या राज्याच्या विधानसभेसाठी मतदान आलं.

त्या पहिल्या निवडणुकीपुढचा पेच मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या राज्यात आम्हाला जायचं नाही, त्या राज्याच्या विधानसभेवर प्रतिनिधी पाठवायचा की नाही? बहिष्कार हा एक रस्ता होता. तो घेतला असता तर दुसऱ्या कुणाला तरी थोड्या मतांत जागा मिळाली असती आणि शहराचा कौल काय होता याची कुठेच नोंद राहिली नसती. समितीने लढायचं ठरवलं. म्हणजे बंगळुरात जाऊन, त्या सभागृहात शपथ घेऊन, त्याच सभागृहाला सांगायचं की आमची गावं महाराष्ट्रात द्या. दळवींपासून तरळेंपर्यंत प्रत्येकाने हे केलं. घटनेशी एकनिष्ठ राहून, घटनेच्याच रस्त्याने. आज कुणी सीमाभागातल्या माणसाला फुटीर म्हणतं तेव्हा या शपथा मला आठवतात. राज्याची हद्द कशी असावी हे सांगण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे, आणि तो वापरण्यासाठी आमच्या लोकांनी सर्वांत सभ्य मार्ग निवडला होता.

माझं घर शहापुरातलं. शहापूर आज बेळगावात इतकं मिसळून गेलंय की कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते नव्या माणसाला कळत नाही. पण संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. मागावर बसणारा विणकर आणि त्याचं कापड घेणारा पेठेतला व्यापारी दोन वेगवेगळ्या राज्यांत राहत होते. मधे नाला नव्हता की डोंगर नव्हता. माझ्या आजोबांनी ती हद्द पाहिली होती आणि ती पुसली गेलेलीही पाहिली होती. त्यामुळे १९५६ ची हद्दही पुसली जाईल यावर त्यांचा सरळ विश्वास होता. आमच्या घरात तरी हा विश्वास भाषणांतून आला नव्हता. एक सीमा गेलेली डोळ्यांनी बघितली होती, त्यातून आला होता.

निवडणूक म्हटली की घरात पहिला प्रश्न आज्जीचा असायचा, "ह्या खेपेला चित्र काय रे आपलं?"

हा प्रश्न राष्ट्रीय पक्षांच्या मतदाराला कधी पडत नाही. त्यांची चिन्हं राखीव असतात, वर्षानुवर्षं तीच. समितीच्या उमेदवाराला मात्र अपक्षासारखं, मोकळ्या चिन्हांच्या यादीतून जे मिळेल ते घ्यावं लागायचं. तेही अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. म्हणजे मतदानाला जेमतेम दोन-तीन आठवडे उरलेले असताना. तेवढ्या दिवसांत शहरातल्या प्रत्येक अक्षरशत्रू माणसापर्यंत नवं चित्र पोचवायचं आणि मागच्या निवडणुकीचं चित्र त्याच्या डोक्यातून काढायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड. कारण मागचं चित्र या वेळी भलत्याच कुणाला मिळालेलं असू शकतं.

आमच्या गल्लीत त्यासाठी पोरांची टोळी असायची. चिन्ह मिळाल्याच्या रात्रीच भिंतींवर नीळ आणि चुन्याने चित्रं निघायची. ज्याचा हात बरा तो बाह्यरेषा काढायचा, बाकीचे आत रंग भरायचे. सकाळी बायका पाण्याला निघाल्या की त्यांच्या नजरेला पहिलं ते चित्र पडलं पाहिजे, असा हिशोब. मग नमुना मतपत्रिका घेऊन घरोघर फिरायचं. मतदान यंत्रं यायच्या आधीची ही गोष्ट. मतपत्रिकेवर बाणफुलीचा शिक्का मारावा लागायचा. आमच्यातले एक काका, गिरणीतली नोकरी संपवून आलेले, म्हाताऱ्या बायकांना समोर बसवून शिकवायचे. शिक्का चौकटीच्या आत, रेघेवर नाही. आणि शिक्का मारला की कागदाची घडी उभी घालायची, आडवी घालायची नाही. आडवी घातली की ओली शाई खालच्या किंवा वरच्या उमेदवाराच्या चित्रावर उमटते आणि मत बाद व्हायची भीती असते. उभ्या घडीत शाई उमटली तरी त्याच ओळीत उमटते. "आज्जे, उभी घडी. साडीची घालतीस तशी नको." आज्जी मान हलवायची आणि कागद हातात घेऊन दोन-तीनदा घालून दाखवायची. शाळेची पायरी न चढलेली माझी आज्जी नमुना मतपत्रिकेची घडी इतकी काटेकोर घालायची की काका शेजारच्या बायकांना तिचीच दाखवायचे.

चिन्ह दर खेपेला बदलत असताना नऊ वेळा एकाच बाजूने कौल देणं म्हणजे काय, हे समजायला हवं. पक्ष नाही, पैसा नाही, पेटंट चित्र नाही. वर्तमानपत्र, तालीम, गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ, गल्लीतले पंच आणि अशी काका मंडळी. एवढ्याच यंत्रणेवर ते चाललं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'संघटन' या मथळ्याखाली जे काही शिकवतात, ते इथे भिंतीवरच्या निळीत होतं.

१९६७ च्या निवडणुकीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ चा. विधानसभेचं मतदान झालं फेब्रुवारी १९६७ मध्ये, म्हणजे आयोगाचं काम चालू असताना. म्हणून ते मतदान साधं नव्हतं. सुंठणकरांना पडलेलं प्रत्येक मत ही आयोगापुढची साक्ष आहे, असंच लोकांनी मानलं. कौल स्पष्ट लागला. सहा महिन्यांनी अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं, अशी शिफारस. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, म्हैसूरने तो जसाच्या तसा मागितला, आणि प्रत्यक्षात कुठलंच गाव कुठे हललं नाही. महाराष्ट्राची मागणी वेगळ्या पायावर उभी होती. खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. या चारांतली लोकेच्छा मोजायचं साधन कोणतं? दर पाच वर्षांनी होणारी निवडणूक. त्यामुळे समितीच्या लेखी हरणं म्हणजे एक जागा जाणं नव्हतं, खटल्यातला पुरावा कमकुवत होणं होतं.

याची किंमत शहराने मोजली. समितीचा आमदार कधी सत्ताधारी बाकावर बसला नाही, त्यामुळे या जागेतून मंत्री होण्याचा प्रश्न आला नाही. रस्ता, पाणी, गटार, कॉलेजचं अनुदान यासाठी विरोधी बाकावरून, तेही एकट्याने, तेही मराठी माणसाने बंगळुरात जाऊन भांडायचं. घटनेच्या कलम २१० मध्ये अशी तरतूद आहे की राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांत ज्याला नीट बोलता येत नाही अशा सदस्याला सभापती मातृभाषेत बोलू देऊ शकतात. मराठीतून बोलण्याच्या मागणीचा आधार तोच. पण परवानगी मिळणं वेगळं आणि तुमचं म्हणणं त्या सभागृहाला कळणं वेगळं. सायनाकांची, मान्यांची पिढी या अडचणीत काम करत राहिली. त्यांच्याकडे कामं घेऊन जाणारे लोक परत येताना वैतागलेले मी पाहिले आहेत. तरी पुढच्या निवडणुकीत त्याच लोकांनी पुन्हा समितीलाच मत दिलं. तक्रार आपल्या माणसाबद्दल होती. कौल दुसऱ्याच प्रश्नावर होता.

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण आपल्याकडे ती बोलली जात नाही. या शहरात कन्नड बोलणारी घरं होती आणि आहेत, उर्दू बोलणारी आहेत, कोकणी बोलणारी आहेत. बेचाळीस वर्षं या जागेचा समितीचा आमदार त्यांचाही आमदार होता, पण तो ज्या मागणीवर निवडून यायचा ती त्यांच्यातल्या बहुतेकांची नव्हती. माझ्या कन्नड मित्राच्या वडिलांनी एकदा मला शांतपणे विचारलं होतं, "तुमचा आमदार आमचं गटार तरी बघेल काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. बहुमताच्या लोकशाहीत हे घडतंच, असं म्हणून मी तो प्रश्न सोडून देऊ शकत नाही. आज कर्नाटकात मराठी माणूस ज्या जागी उभा आहे, तिथून तो प्रश्न मला जास्त नीट कळतो.

१९८६ चं वर्ष वेगळ्या कारणाने कोरलं गेलं. कन्नड सक्तीविरुद्ध जूनमध्ये आंदोलन पेटलं, शरद पवार, छगन भुजबळ इथे येऊन धडकले, भुजबळ तर वेश बदलून. पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण गेले. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला अजून फुलं वाहिली जातात. मी तिथे गेलो की शहरातले लोक कमी आणि खेड्यातले जास्त दिसतात, आणि खेड्यातल्या बायका तर हटकून.

समितीच्या निवडणूक इतिहासातलं सर्वांत विलक्षण वर्ष माझ्या मते १९९६. त्या वर्षीच्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने गावोगावच्या लोकांना उभं केलं. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी तालमीतला पोरगा. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात त्याच वेळी पाण्याच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले होते. निवडून आले ते जनता दलाचे शिवानंद कौजलगी. पण या गर्दीची दखल दिल्लीने घेतली, फक्त ती आम्हाला हवी तशी घेतली नाही. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० झाली, विधानसभेची २५० वरून ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाचा पाठिंबा नसलेल्या उमेदवाराला एका सूचकाऐवजी दहा सूचक लागू लागले. आणि अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापासून मतदानापर्यंतचा किमान काळ वीस दिवसांवरून चौदा दिवसांवर आला.

शेवटच्या दुरुस्तीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मला तीच सर्वांत जिव्हारी लागलेली वाटते. ज्याचं चिन्ह कायमचं ठरलेलं आहे त्याला चौदा दिवस झाले काय आणि वीस झाले काय, फरक पडत नाही. ज्याला दर खेपेला नवं चित्र घेऊन दारोदार जायचं आहे, त्याचे सहा दिवस गेले. भिंतीवर रंगवायचे, आज्जीला घडी शिकवायचे सहा दिवस.

१९९९ ला शहराची जागा गेली. कारणं पुष्कळ सांगितली जातात. समितीतली भांडणं हे पहिलं, आणि ते खोटं नाही. पण शहरही बदललं होतं. नव्या वसाहती उठल्या होत्या, नोकरीसाठी दुसरीकडून आलेली माणसं मतदार झाली होती, आणि १९५६ नंतर जन्मलेल्या पिढीला सीमा हा आठवणीतला नव्हे तर ऐकीव प्रश्न होता. त्यात हिंदुत्वाच्या राजकारणाने मराठी तरुणांना दुसरं घर दिलं. त्या घरात भगवा होता, शिवाजी महाराज होते, वर सत्तेत जाण्याची शक्यताही होती. समितीकडे पहिले दोन होते, तिसरं कधीच नव्हतं.

मग २००४ ला महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ ला महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. त्यानंतर बंगळुरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि पालिका बरखास्त झाली. २००६ ला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन प्रथमच बेळगावात भरलं. २०१२ ला हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध उभा राहिला. ज्या विधानसभेत जायला आमच्या आमदारांनी पाचशे किलोमीटरचा प्रवास केला, ती विधानसभा आता महामार्गाच्या कडेला येऊन बसली.

पण माझ्या लेखी या सगळ्यापेक्षा मोठी घटना २००८ ची, आणि ती आवाज न करता झाली. त्यात लाठी नव्हती की घोषणा नव्हती. २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. बेळगाव शहर गेलं. उचगाव गेलं. बागेवाडी गेलं. त्यांच्या जागी उत्तर, दक्षिण, ग्रामीण आणि यमकनमर्डी आले. उचगाव पट्ट्यातली जी मराठी गावं एका मतदारसंघात एकत्र होती ती विखुरली. काही ग्रामीणमध्ये गेली, बागेवाडीकडच्या कन्नड गावांबरोबर. काकती, कडोली ही गावं यमकनमर्डीत गेली, आणि ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. राखीव जागेला माझी हरकत नाही, ती घटनेने दिलेली आहे आणि योग्यच आहे. पण कडोलीच्या माणसाचं रोजचं जाणं-येणं, बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज सगळं बेळगावला. त्याचा आमदार मात्र घाटाकडच्या दुसऱ्या मुलखातून निवडला जातो. माझ्या कन्नड मित्राच्या वडिलांचा गटाराचा प्रश्न आता कडोलीच्या मराठी माणसाच्या तोंडी आहे.

निकालही तसेच लागत गेले. २००८ मध्ये समितीचा एकही आमदार नाही. २०१३ मध्ये दोन, दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ मध्ये एकेका जागी समितीच्याच नावाने दोन-दोन उमेदवार उभे, आणि आमदार शून्य. २०२३ मध्ये पुन्हा शून्य, जरी दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर होते. मधेच २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. तेव्हा जाणत्या माणसांच्याही डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. म्हणजे कौल संपलेला नाही. पण एकगठ्ठाही राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट निकाल चाळताना लक्षात आली आणि मनात घर करून बसली. समितीच्या आमदारांची जी यादी मी वर दिली, तीत एकही बाई नाही. मोर्च्यात पुढे बायका, १ जूनला हिंडलग्याला बायका, लाठी खायला बायका, पण आमदारांच्या यादीत कधी नाही. महानगरपालिकेत मराठी महिला महापौर झाल्या, सरिता पाटील, संज्योत बांदेकर. विधानसभेला तो दरवाजा उघडला नाही. आणि २०१८ साली याच मराठी पट्ट्यातून तीन बायका निवडून आल्या. निपाणीतून भाजपच्या शशिकला जोल्ले, ग्रामीणमधून काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर, खानापुरातून काँग्रेसच्याच डॉ. अंजली निंबाळकर. राष्ट्रीय पक्षांनी जे ओळखलं ते समितीने चाळीस वर्षांत ओळखलं नाही. नमुना मतपत्रिका घेऊन फिरणाऱ्या कितीतरी मावश्या-काकूंना उमेदवारी पेलली असती. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, मला माहीत आहे.

आता दोन्ही मोठे पक्ष मराठी मताच्या मागे आहेत. मार्च २०२३ मध्ये येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या एकाच पुतळ्याचं चार दिवसांत दोनदा अनावरण झालं. आधी तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, मग काँग्रेसकडून. मराठी मताची किंमत आजही किती आहे हे यावरून कळतं. पण या किमतीत मराठी शाळेला शिक्षक मिळत नाहीत. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्यावीत, हा देशभर मान्य झालेला संकेत. आमच्या पट्ट्यात सातबारा मराठीत मागणाऱ्याला आजही हात हलवत परत यावं लागतं. पुतळ्याला दोनदा हार घालणाऱ्यांनी या कागदासाठी एकदा तरी सभागृहात उभं राहावं.

समितीच्या लोकांशी बोललो की चर्चा पुढच्या उमेदवारावर येते. मला मात्र पुढच्या नकाशाची काळजी लागली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की मतदारसंघांची पुनर्रचना पुन्हा होणार. ती जनगणना २०२७ ची. मागच्या वेळच्या कायद्यात मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची, जाहीर सुनावणी घेण्याची तरतूद होती. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून आयोगाबरोबर बसायचे. आमच्या बाजूने तिथे बसणारा या खेपेला कुणी असेल असं आज तरी दिसत नाही. मग उरतात हरकती. सुनावणीत सीमाप्रश्न ऐकला जाणार नाही, तो न्यायालयात आहे. तिथे ऐकलं जाईल ते गाव कुठल्या बाजाराला जातं, बस कुठून सुटते, मुलं कुठे शिकतात, तालुका कचेरी किती लांब. कडोली, काकती, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, एकेका ग्रामपंचायतीचा ठराव, नकाशासह, ठरल्या मुदतीत गेला पाहिजे. कन्नड शेजाऱ्यांनाही बरोबर घेतलं पाहिजे, कारण आडव्यातिडव्या कापलेल्या मतदारसंघाचा त्रास त्यांनाही तितकाच आहे. हे काम आतापासून सुरू करायला हवं. ज्यांच्याकडे २००८ च्या आधीच्या उचगाव आणि बेळगाव शहर मतदारसंघाच्या मतदार याद्या, नमुना मतपत्रिका, समितीची पत्रकं असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. ठरावांना जोडायला ती लागणार आहेत.